सात कप्प्यांचं अंथरूण

दिवाळी होऊन आठ दिवस झाले तरी पावसानं पाठ सोडली नव्हती. सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री सकाळी उचलायची, आतली वाफ जाऊ द्यायची, आणि आभाळ काळं दिसलं की पुन्हा ओढून घ्यायची. झुंबरबाईचे हात त्या ताडपत्रीनं बेजार झाले होते. ओसरीच्या कडेला ठेवलेली कोयत्यांची पाती एका रात्रीत तांबरायची. पप्पू, तिचा लेक, ती रोज घासायचा, रोज पुसून ठेवायचा. दोन कोयते. एक त्याचा, एक त्याच्या बायकोचा, माधवीचा.

ऊसतोडीला जायचे दिवस आले होते. माधवीला पाचवा महिना होता.

गेल्या साली तिकडं कोपीतच तिचं पोट पडलं होतं. सहावा लागला होता तेव्हा. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. अवकाळी पाऊस, खाली ओली काळी भुई आणि भुईवर एक वाकळ. सकाळी वाकळ पिळली की पाणी निघायचं, असं पप्पू सांगायचा. झुंबरबाईनं तेव्हापासून मनाशी एकच धरलं होतं, की ओलीनं लेकरू नेलं. तिची जाऊ चतुराबाई म्हणायची, "ओलीनं न्हाई गं, मोळ्या वाहून पडलं." तेही खरं असेल. पण मोळीवर झुंबरबाईकडं इलाज नव्हता. ओलीवर निदान सुई तरी चालवता येत होती.

म्हणून तिनं ओसरीवर जुनी लुगडी काढली, खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन वाळत घातल्या, डब्यातून दाभण काढलं, आणि बसली. काय शिवायचं ते तिला नीट ठाऊक नव्हतं. वाकळ नको, एवढं ठाऊक होतं. वाकळ भिजते. गादी नको, गादी ट्रॅक्टरवर कोण घेऊन जाणार. बाज तर नकोच. असं काहीतरी हवं होतं, की जे काखेत मारून नेता यावं, ओल्या भुईवर टाकावं आणि वर कोरडं राहावं.

"हे काय करायलीस?" तिचा नवरा सुग्रीव म्हशीला पाणी दाखवून आला आणि गोण्यांकडं बघत उभा राहिला. "म्हशीला झूल शिवायलीस का?"

"म्हशीला तुमी असताव की पांघरून घालायला."

"मग हे कुणाला?"

झुंबरबाईचं दाभण थांबलं. माधवीला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण माधवीला म्हणलं की माधवी जाणार, हे पक्कं झालं. आणि ते पक्कं झालेलं तिला नको होतं.

"शिवून तर होऊ द्या," ती म्हणाली.

दुपारी चतुराबाई आली. तिचं घर भिंतीला भिंत. तिनं लुगड्यांचा ढीग उलटापालटा केला, एक काठ ओढून बघितला आणि विचारलं, "माप घेतलं का सुनेचं?"

"घेतलं. उभ्यानं."

"निजायचं अंथरूण, आणि माप उभ्यानं?"

"मग काय तिला भुईवर लांब करून दोरी लावू? जित्या माणसाला?"

चतुराबाईनं हातातला काठ सोडून दिला. या गावात निजलेल्या माणसाला दोरी एकदाच लावतात, अंगणात बांबू येऊन पडले की. उभ्या माणसाचं माप चोळीला घेतात, सदऱ्याला घेतात, त्याचं काही नाही. आडव्या माणसाचं कुणी घेत नाही. झोळीतल्या लेकराचंही घेत नाहीत.

पण उभ्यानं घेतलेलं माप काही केल्या जुळत नव्हतं. सकाळपासून तीनदा घेऊन झालं होतं. माधवी भिंतीला टेकून उभी राहायची, झुंबरबाई टाचेखाली दोरी धरायची आणि वर जाईस्तोवर माधवीला हसू यायचं. हसली की वाकायची. एकदा चार हात भरली, एकदा चार हात आणि चार बोटं. तिसऱ्या वेळी पोटाला हात लावून कमरेत मागं झुकली, तर माप चार हाताच्याही आत आलं. एकच बाई, एकच सकाळ, आणि दोरीला तीन गाठी. त्यातली खरी कोणती, ते झुंबरबाईला कळेना.

"मपल्याच अंगावर काढते," ती शेवटी म्हणाली. "ती मपल्याहून किती उंच असंल, दोन बोटं."

ती ओसरीवर आडवी झाली. चतुराबाईनं तिच्या डोक्याशी एक खडा ठेवला, टाचेशी एक. दोरी मात्र लावली नाही, ती उठल्यावर खड्याखड्यात लावली. उजवा पाय काही पुरा सरळ होईना. तीन साल झाले, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून ती घसरली होती, तेव्हापासून तो गुडघा भुईला टेकत नव्हता. खाली मूठ जाईल एवढी पोकळी राहायची. झुंबरबाईनं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. लुगड्याखाली कुणाला दिसतं.

माधवी दारात सूप घेऊन उभी होती. तिनं बघितलं, आणि दाणे पाखडायला आत गेली.

दोन दिवसांत पहिलं अंथरूण झालं. खाली गोण्या उकलून जोडलेल्या, वर लुगड्याचे तीन पदर. झुंबरबाईनं ते परसात, म्हशीच्या खुरांनी चिखल झालेल्या जागी टाकलं आणि दुपारची सासू-सून दोघी त्यावर निजल्या. माधवी निजली की अंगाची मोट करायची. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यात, हनुवटी हातावर. निम्म्या जागेत मावायची. लग्न होऊन आली तेव्हा झुंबरबाईला वाटलं होतं, नव्या घरी लाजते म्हणून अशी निजते. चार साल झाले, पोरगी तशीच निजत होती.

तासाभरानं उठल्या तर पाठीखालचं लुगडं दमट लागलं.

"गोणी फाटली का कुठं?" झुंबरबाईनं अंथरूण उलटं केलं. फाटलं नव्हतं.

"आत्याबाई, खालून न्हाई आलं हे," माधवी म्हणाली. ती बोटानं लुगडं चाचपत होती. "गेल्या सालीबी आमी कागद आंथरला होता. तरी व्हायचं असं. वरून अंग गरम, खालून भुई गार. मधल्या मधे पाणी धरतंय."

झुंबरबाई तिच्याकडं बघत राहिली. गेल्या सालाबद्दल ही पोरगी पहिल्यांदाच काही बोलली होती, आणि बोलली ती कागदाबद्दल.

"मग काय करावं?"

"मला काय मालूम. भुई आणि अंग लांब लांब पाहिजेत."

हे ऐकून झुंबरबाईच्या डोक्यात अजूनच गोंधळ झाला. भुईपासून लांब म्हणजे बाज. बाज तर नेता येत नाही. जे जाड करावं ते जड होतं, जे हलकं करावं ते ओलं होतं. दाभण हातात घेऊन ती नुसती बसायची. बसली की तोंडात ओवी यायची, तिची तिलाच न कळता.

टाक्यामागं टाका, टाका पडे हळू,
भुई ओली बाई, कूस नको वळू.

पप्पूनं तिसऱ्या दिवशी फोन आणून समोर धरला. "माय, हे बग. तुपल्यासारखंच लोक करायलेत."

फोनमध्ये एक डोंगर होता. डोंगरावर रंगीत छत्रीसारख्या राहुट्या, आणि शहरातली पोरंपोरी हसत हसत गवतावर काहीतरी पसरत होती.

"हे कुठं तोडीला गेलेत?" झुंबरबाईनं विचारलं.

"तोडीला न्हाई गं. हौसेनं गेलेत. दोन रोज राहायचं, निजायचं, परत यायचं."

"घरं न्हाईत का त्यांना?"

"हायेत की. माड्या हायेत."

"मग भुईवर कामून निजायलेत?"

पप्पूनं डोकं खाजवलं. "बरं वाटत असंल."

सुग्रीव मागून वाकून बघत होता. तो म्हणाला, "त्यांना मुकादमाचा नंबर दे. सहा महिने बरं वाटंल."

झुंबरबाई हसली, पण डोळे फोनवरच होते. एका पोरीनं पिशवीतून मुठीएवढी गुंडाळी काढली, झटकली, आणि तिला तोंड लावून फुंकायला लागली. गुंडाळी फुगत गेली. चार बोटं जाड झाली. पोरगी त्यावर पडली आणि लोळून हसली.

"पुन्हा दाव," झुंबरबाई म्हणाली. पप्पूनं पुन्हा दाखवलं. "त्यात काय भरलं तिनं?"

"हवा."

"येताना?"

"सोडून द्यायची."

ती उठली, तिनं गोण्या पुन्हा पसरल्या, आणि कुणाला काही न सांगता सगळी शिवण उसवायला बसली. आपण गादी इथून भरून न्यायच्या मागं लागलो होतो. तिकडं उसाच्या फडात पाचटाला काय तोटा? रिकामी खोळ न्यायची, तिथं भरायची. ओली झाली की उपसून नवी भरायची. निघताना तिथंच ओतून यायची. काखेत मारलं तर वजन नुसतं लुगड्याचं.

तिनं आडवे सात कप्पे धरले. डोकं, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे, पाय. एकच मोठी खोळ केली असती तर पाचट एका कोपऱ्यात जमलं असतं. प्रत्येक कप्प्याला बाजूला तोंड, तोंडाला नाडी. पाचटाची पानं धारेची असतात, अंगाला कापतात, म्हणून वर लुगड्याचे चार पदर. किशनरावांच्या मळ्यात ऊस उभा होता. तिथून ती भारा भरून पाचट घेऊन आली. बांधावर किशनरावांनी विचारलं, "झुंबरबाई, इथं ऊस हाय की. तुमी तिकडं कामून जाताव दर साली?"

"तुमचा दोन एकर हाय मालक. चार दिवसांत संपतोय."

कमरेचा कप्पा तिला काही केल्या जमेना. भरला तर कुल्ला वर उचलला जायचा, नाही भरला तर भुई लागायची. ती भरायची, निजायची, उठायची, मूठभर काढायची, पुन्हा निजायची. चौथ्यांदा मधोमध पाचट कमी आणि कडेला जास्त राहिलं, आणि कंबर तिथं अशी बसली जशी घागर चुंबळीवर बसते. झुंबरबाई आभाळाकडं बघत तशीच पडून राहिली. तिच्या कमरेला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोटाची पिशवी काढून बारा साल झाले होते, त्या बारा सालांत तर नाहीच.

मग तिला आठवलं की हे आपल्यासाठी नाही.

मुकादम दिनकरराव पहिल्यांदा आले तेव्हा कप्पे निम्मे झाले होते. गाडी अंगणात लावून त्यांनी आधी चहा घेतला, मग अंथरुणावर बसून बघितलं, हातानं दाबून बघितलं.

"वहिनी, लई भारी काम केलं बगा. मी पप्पूला म्हणायलोच होतो, बाई भरदिवसांची होत जाईल, न्यावं का न्हाई. माझ्याबी मनाला खात होतं. आता काय फिकीर? गादीवर निजंल की राणीवाणी."

"गादी न्हाई ती," झुंबरबाई म्हणाली.

"गादीच हाय. बाकी बायांनी बगितलं तर भांडतील मला."

ते गेल्यावर झुंबरबाई सुई घेऊन बसली, पण टाका पडेना. एवढे दिवस तिला वाटत होतं, आपण सुनेला ओलीपासून वाचवायलो. आता मुकादमाच्या बोलण्यानं तिला वेगळंच दिसलं. अंथरूण जेवढं चांगलं होईल, तेवढी माधवीची वाट सोपी होणार. आपल्याच हातानं आपण तिला ट्रॅक्टरवर चढवायलो. मग वाईट शिवावं का? वाईट शिवलं आणि तरी ती गेली, तर ओल्यात निजेल. चांगलं शिवलं तर जाईलच. तिनं पाचव्या कप्प्याची शिवण उसवली. संध्याकाळी पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवली. तिसऱ्या दिवशी बघते तर माधवी तिथं बसून हिरव्या दोऱ्यानं तो कप्पा शिवत होती, मोठ्या तिरक्या टाक्यांनी.

"मपला टाका कसा हाय, तुपला कसा हाय," झुंबरबाई म्हणाली.

"धरल्याशी मतलब, आत्याबाई. पायथ्याची शिवणबी मीच घेते. तुमचे हात दुखायलेत."

चुलीपुढं दोघी बसल्या तेव्हा झुंबरबाईनं विचारलंच. "तुला जायचंय का?"

माधवी भाकरी थापत होती. "तुमी म्हणाल तसं."

"मी काय म्हणावं तेच मला कळंना."

"मग मला कसं कळावं?"

भाकरी फुगली. माधवीनं ती उचलून कडेला लावली आणि हळूच म्हणाली, "इथं राहिले तर ते एकटे. तिकडं गेले तर..." पुढचं तिनं पिठात पुसलं.

पप्पूला विचारलं तर तो पायाकडं बघायचा. "माय, कोयता म्हणजे जोडी. एकट्याला कोण घेतंय? दिनकरराव दुसरी जोडी बघतील. आपण बोली केलेली हाय." मग थोड्या वेळानं, "मला काय तिला न्यायची हौस हाय का?"

त्या दिवशी सुग्रीव म्हणाला, "म्या येतो लेका तुपल्यासंगं. बाप-लेकाची जोडी. कुठं लिवलंय, बाईच पाहिजे म्हणून?"

सुग्रीव उठला, अंगणातल्या सोयाबीनच्या पोत्याशी गेला, आणि ते पाठीवर घ्यायला वाकला. पोतं गुडघ्यापर्यंत आलं. कमरेपर्यंत आलं. तिथं तो थांबला. मानेची शीर ताठ झाली, टोपी कपाळावर घसरली. मग त्यानं पोतं सावकाश, जणू नुसतं वजनच बघत होता असं, खाली ठेवलं.

"ओल धरलीय पोत्यानं," तो म्हणाला.

"व्हय," पप्पू म्हणाला. "वाळवायला पाहिजे."

माधवी आत गेली. झुंबरबाईनं नसलेला दोरा सुईत ओवला.

निघायला दोन दिवस होते तेव्हा मुकादम पुन्हा आले. हातात वही, खिशाला पेन. कोण कुठल्या ट्रॉलीत, ते लिहायचं होतं. चतुराबाईही येऊन बसली. सकाळी पाऊस झाला होता, अंगण रबरब होतं.

"झालं का वहिनी तुमचं? दावा तरी," दिनकरराव म्हणाले.

झुंबरबाईनं कप्पे भरले. माधवीनं अंथरूण उचललं, अंगणात मधोमध, जिथं जास्त चिखल होता तिथंच नेऊन टाकलं, आणि कडा हातानं सरळ केल्या.

"निज बग," सुग्रीव म्हणाला.

माधवी निजली. पाठीवर, हात दोन्हीकडं, पाय सरळ लांब. पावलं अंथरुणाच्या बाहेर गेली. नुसती बोटं नाहीत, टाचा गेल्या, घोटे गेले. दोन्ही टाचा चिखलात टेकल्या.

मुकादम हसले. "डोकं कोपीत आणि पाय कारखान्यात."

"दोन बोटं म्हणली होतीस ना तू?" चतुराबाई म्हणाली. "वीतभर हाय की."

"एक कप्पा वाढव," सुग्रीव म्हणाला. "उद्याचा दिवस हाय."

"गोणी हाय ना अजून?" पप्पू म्हणाला. "मी धरतो, तू शिव."

माधवी पडूनच होती. टाचांभोवती गढूळ पाणी गोळा होत होतं, तरी तिनं पाय वर घेतले नाहीत. आभाळाकडं बघत होती.

झुंबरबाईच्या डोक्यात सगळंच गोळा झालं. गोणी होती. लुगडं होतं. एक दुपार पुरली असती. ती गोणी आणायला आत गेली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथं भिंतीच्या खुंटीला तिचा कोयता दिसला. तीन साल तो तिथं होता. रोज दिसायचा. तिनं तो काढला, पदरानं कोळिष्टकं पुसली आणि बाहेर आली. आपण गोणीला गेलो होतो, हे तिच्या ध्यानात होतं. तरी हातात कोयता होता.

"ऊठ माधवी," ती म्हणाली.

माधवी उठली. झुंबरबाई तिच्या जागी आडवी झाली, कोयता छातीवर धरून. डोकं पहिल्या कप्प्यावर, कंबर त्या खळग्यात, आणि टाचा शेवटच्या शिवणीवर. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

"मपल्या मापाचं हाय हे," ती म्हणाली.

चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. "काय येड लागलं का गं? वय बघ."

"माय, तुपल्यानं व्हईल का?" पप्पू पुढं होऊन म्हणाला.

"मोळी तू उचल. तोडायचं मी करते. तोडायला बसून-वाकून होतंय."

दिनकररावांनी पेन उघडं तसंच धरलं होतं. "वहिनी, तीन साल कोयता पडून हाय तुमचा."

"पडून हाय. मोडला न्हाई."

"आन सूनबाईचं कोण बघंल इथं?"

"मी हाय की," चतुराबाई म्हणाली, आणि आपण हे म्हणालो म्हणून स्वतःच चपापली. "निजायला येत जाईन. दवाखान्यात नेईन. काय जातंय मपलं."

मुकादमांनी सुग्रीवकडं बघितलं. सुग्रीव बायकोकडं बघत होता, ती अशी अंगणात सगळ्यांपुढं आडवी पडलेली त्यानं कधी बघितली नव्हती. त्यानं नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नको म्हणून, ते कळलं नाही. पण मुकादमांनी ती हो धरली.

"जोडी पुरी झाली का? मग झालं. आमाला काय," ते म्हणाले, आणि वहीतलं एक नाव खोडून त्यावर दुसरं लिहिलं.

निघायच्या सकाळी ऊन पडलं. दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, चुलीची लोखंडी जाळी, पाण्याचे ड्रम, एका खुराड्यात दोन कोंबड्या. माधवीनं अंथरूण रिकामं करून, चिखल झटकून, घट्ट गुंडाळून पप्पूच्या सदऱ्याच्या चिंधीनं बांधलं होतं. तिनं ते सासूच्या काखेत दिलं.

"भरताना पायथ्याकडून भरा, आत्याबाई. उलटं करून."

"मलाच शिकव."

"तसं न्हाई. पायथ्याकडून बरं पडतंय."

सुग्रीव ट्रॉलीपाशी आला, फळी हलवून बघितली. "इथंच घसरली होतीस ना?"

"ती दुसरी होती."

"धरून बस," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावरही फळीला हात लावून दहा पावलं चालत आला.

झुंबरबाई गुंडाळी मांडीवर घेऊन बसली. गावकुसाबाहेर आल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी हे ठरवून केलं का? माप मी माझंच घेतलं होतं. दोरी लावायची नाही म्हणून घेतलं. का मनात आधीपासून होतं? तिला आपलंच मन सापडेना. ओवी येत होती, ती मात्र स्वच्छ येत होती.

जाते मी बाई, लेकी घरी ऱ्हाय,
तुझ्या वाट्याचं चालाया मला दोन पाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी फड आला. उसाच्या कडेला रिकाम्या रानात सगळ्यांनी कोप्या उभ्या केल्या. पप्पूनं बांबू रोवले, झुंबरबाईनं पाचट विणलं. जमिनीला हात लावला तर गार, ओली. तिनं अंथरूण सोडलं. एरवी ती डोक्याकडूनच भरत आली असती, पण माधवीचं बोलणं आठवलं म्हणून उलटं केलं आणि पायथ्याकडून सुरू केलं.

पायाचा कप्पा भरला. गुडघ्याचा भरला. मांड्यांचा, कमरेचा खळगा ठेवून कमरेचा, पाठीचा, खांद्याचा, डोक्याचा. सात. नाड्या बांधल्या. पाचट अजून उरलं होतं, आणि हाताला अजून एक तोंड लागलं.

ते खालच्या अंगाला होतं, गुडघ्याच्या कप्प्याखाली, उजव्या बाजूला. अर्धाच कप्पा, एका मुठीचा. हिरवा दोरा, मोठे तिरके टाके. असा काही कप्पा झुंबरबाईनं शिवला नव्हता. तिनं मूठभर पाचट त्यात घातलं, नाडी ओढली, अंथरूण सरळ करून टाकलं, आणि निजून बघितलं.

उजवा गुडघा टेकला. तीन सालांत पहिल्यांदा तो कशाला तरी टेकला.

ती उठली आणि तिनं पुन्हा अंथरूण उलटं केलं. हिरव्या टाक्यांत चिखल वाळून बसला होता. इथला नव्हता तो, इथं तर आत्ताच टाकलं. त्यांच्या अंगणातला होता, मुकादम आले त्या दिवसाचा. त्यानंतर हे अंथरूण भुईला लागलंच नव्हतं. म्हणजे माधवी त्या दिवशी त्यावर निजायच्या आधीच हा कप्पा शिवलेला होता. म्हणजे कुणाच्या गुडघ्याखाली हे जाणार, ते त्या पोरीला आधी ठाऊक होतं. का नव्हतं? का नुसतंच शिवलं होतं, असू द्यावं म्हणून?

झुंबरबाईला काही उलगडेना. पण एरवी मोट करून निजणाऱ्या त्या पोरीचे चिखलात सरळ लांब केलेले पाय तिला दिसले. घोट्यापर्यंत बाहेर.

दिवस मावळायला पप्पूनं घरी फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून त्यानं फोन आईकडं दिला.

"आत्याबाई, पोचलाव का नीट?"

"पोचलाव. चतुराबाई आली का तुपल्याजवळ?"

"आल्यात. भाकरी करायल्यात. मला करू देईनात."

"दुपारची निजली होतीस का?"

"निजले होते."

"कशी?"

"कशी म्हणजे?"

"पाय लांब करून?"

तिकडून भाकरी थापायचा आवाज आला, म्हैस ओरडली.

"न्हाई," माधवी म्हणाली. "पोटाशी घेऊन."

"बरं," झुंबरबाई म्हणाली. "तशीच निजत जा." आणि फोन लेकाकडं देऊन ती चुलीला दगडं बघायला उठली.